सापडले नाही, म्हणजे नाही?

केन टॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या 'एड' या संपादन-प्रणालीला चूक दाखवण्यासाठी एकच खूण ठाऊक होती : प्रश्नचिन्ह. आज्ञा चुकली काय किंवा शोधलेला शब्द सापडला नाही काय, उत्तर तेच. नेमके काय बिघडले, हे वापरणाऱ्याने ओळखायचे.

या साधनाची मर्यादा उघड झाली ती एका वाङ्मयीन प्रश्नामुळे. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मॉस्टेलर व वॉलेस यांनी १९६४ मध्ये किरकोळ वाटणाऱ्या शब्दांच्या वारंवारतेवरून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. पुढे बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन हेच लेख संगणकावर तपासू लागले, तेव्हा एवढा मजकूर एडमध्ये मावेना. ब्रायन कर्निहन यांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, या गरजेपोटी टॉम्प्सन यांनी शोधाची आज्ञा एडमधून सुटी करून दिली. तीच 'ग्रेप'. १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. शब्द न मिळाल्यास ग्रेप प्रश्नचिन्हही दाखवीत नाही. ते गप्प बसते.

या मौनाचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकापुढे अधिकच बिकट होतो. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर तर पडद्यावर देवनागरी आणि पोटात रोमन चिन्हे असा असतो. शिवाय १९६२ च्या लेखननियमांआधीचे 'कांहीं' हे आजच्या 'काही'च्या शोधात येत नाही आणि 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' गवसत नाही.

म्हणून शोध रिकामा परतला, तर प्रथम पानावर प्रत्यक्ष दिसणारा एखादा शब्द शोधून पाहावा. तोही मिळाला नाही, तर दोष मजकुराच्या साठवणीत आहे असे समजावे. मिळाला, तर आपल्या शब्दाचा लहानात लहान, न बदलणारा अंश घ्यावा. मग जुनी रूपे, अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना, एकेक करून पाहावीत. शेवटी काही पाने स्वतः वाचावीत.

'अमुक लेखकाने हा शब्द कधीच वापरला नाही' असे विधान प्रबंधात करणे आता फार सोपे झाले आहे. अशा विधानामागे पुष्कळदा असते ते केवळ यंत्राचे मौन. 'चिन्हांची ही ओळ येथे नाही', एवढेच ते सांगते; शब्द नाही असे सांगण्याचा अधिकार वाचणाऱ्याचाच.