द ब्वान्य : एका आडनावाची जन्मकथा

फ्रान्सच्या आग्नेय सरहद्दीजवळ, आल्प्स पर्वताच्या कुशीत, शांबेरी नावाचे एक जुने शहर आहे. साव्हॉयच्या ड्यूकांची ही एके काळची राजधानी. या शहराच्या मध्यभागी १८३८ साली उभारलेले एक कारंजे पाहून हिंदी प्रवासी थबकल्यावाचून राहत नाही. एका उंच स्तंभाच्या तळाशी चार हत्ती चार दिशांना तोंडे करून उभे आहेत. त्यांची गंडस्थळे व पुढचे पाय तेवढे दिसतात, पाठीमागचा भाग शिल्पकाराने घडविलेलाच नाही. या वैगुण्यावरून गावकऱ्यांनी त्या स्मारकाला एक फटकळ टोपणनाव दिले आहे. शिष्टसंमत मराठीत त्याचे भाषांतर न करणे बरे. स्तंभाच्या माथ्यावर एका सेनानीचा पुतळा आहे. त्याचेच नाव शहरातील एका प्रशस्त, कमानीदार रस्त्यालाही दिलेले आहे. ते नाव म्हणजे 'द ब्वान्य'.

मराठी श्रोत्यांना हा पुरुष परका नाही. आपल्या इतिहासग्रंथांतून 'डी बॉईन' या नावाने त्याची गाठ पडते. महादजी शिंद्यांच्या पदरी राहून ज्याने कवायती पलटणी उभारल्या, १७९० साली पाटण आणि मेडता येथील रणांगणांवर ज्याच्या पलटणींनी पाटीलबावांना यश मिळवून दिले, १७९३ मध्ये लाखेरीस ज्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला, तोच हा गृहस्थ. त्याच्या लढायांची हकीकत अनेकांनी सांगितली आहे. त्याच्या आडनावाची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. आणि ती लढायांइतकीच नवलाची आहे. फ्रान्समधील अत्यंत विरळ आडनावांपैकी हे एक. आणि त्याचा जन्म कसा झाला व वंश कसा टिकला, हे दोन्ही आपल्याला जवळजवळ बिनचूक सांगता येते. आडनावांच्या इतिहासात असा योग सहसा येत नाही.

फ्रेंच आडनावे सामान्यतः चार मुळांतून उगवली आहेत. काही बापाच्या नावावरून आली. फ्रान्समधील सर्वांत अधिक प्रचलित आडनाव 'मार्तँ' हे असेच एका संताच्या व्यक्तिनामातून आले आहे. काही ठिकाणांवरून आली. 'द्युपाँ' म्हणजे पुलाजवळचा, 'द्युब्वा' म्हणजे रानाकडचा. काही धंद्यावरून आली. 'लफेव्र' म्हणजे लोहार. चौथा वर्ग टोपणनावांचा. कोणी बुटका म्हणून 'पती', कोणी तांबड्या केसांचा म्हणून 'लरू'. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास अशी उपपदे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. १५३९ साली विलेर-कोत्रे येथे निघालेल्या राजाज्ञेने धर्मोपदेशकांना बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवण्यास भाग पाडले, आणि नोंदवहीत एकदा उतरलेले टोपणनाव पुसणे कठीण होत गेले. बुटक्याचा उंचनिंच नातूही मग 'पती'च राहिला. एकबोटे आणि बोबडे ही आडनावे ज्या समाजात आहेत, त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

इ.स. १७५१ च्या मार्च महिन्यात शांबेरीत एका कातडी-लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी जो मुलगा जन्मला, त्याचे नाव बन्वा आणि आडनाव 'लबोर्न्य'. 'बोर्न्य' म्हणजे एका डोळ्याने आंधळा. हे सरळसरळ टोपणनाव. कोणा पूर्वजाच्या व्यंगावरून पडलेले. मराठी कानाला येथे 'काणे' हे आडनाव आठवेल. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती बांधण्याचा मोह आवरलेला बरा. 'लबोर्न्य' हे आडनाव फ्रान्समध्ये दुर्मिळ नाही. ब्रिटनी प्रांतात तर ते चांगलेच आढळते. वैद्यकाच्या इतिहासातही ते अमर झाले आहे. १८६१ साली ब्रोका या शल्यवैद्याने ज्या मुक्या रोग्याच्या मेंदूवरून वाणीचे केंद्र दाखवून दिले, तो रोगी लबोर्न्यच होता.

व्यापाऱ्याच्या या मुलाला दुकानात बसायचे नव्हते. तो फ्रान्सच्या सैन्यातील आयरिश रेजिमेंटीत शिरला. पुढे रशियाच्या चाकरीत असताना तुर्कांच्या हाती सापडला. तेथून सुटून मद्रासेस आला आणि काही काळ कंपनीच्या नोकरीत राहून अखेर १७८४ च्या सुमारास शिंद्यांच्या पदरी लागला. या भटकंतीत केव्हातरी त्याने आपल्या आडनावावर एक छोटीशी शस्त्रक्रिया केली. 'ल'च्या जागी 'द' घातला आणि 'बोर्न्य'मधील रकार काढून टाकला. फ्रेंच लेखनात पाहिले तर दोनतीन अक्षरांचाच हा फरक. पण त्याने काय साधले ते पाहावे. रकार गेला आणि 'एकाक्ष' हा अर्थ नाहीसा झाला. उरलेल्या 'ब्वान्य'ला आजच्या फ्रेंच भाषेत काही अर्थच नाही. आणि 'ल' जाऊन 'द' आल्याबरोबर टोपणनावाचे स्थलनाम झाले. 'द' म्हणजे 'चा'. अमुक गावचा, अमुक जहागिरीचा. कायद्याने 'द' हे उमरावपणाचे प्रमाण नव्हे. 'द' लावणारी कित्येक घराणी साधी कुणब्यांची होती. तथापि लोकांच्या मनात 'द' म्हणजे खानदान हे समीकरण पक्के बसलेले होते. ब्वान्य नावाची जहागीर या कुटुंबाकडे कधीही नव्हती. ज्या गावाचा धनी म्हणवून घ्यायचे, ते गाव केवळ आडनावातच वसलेले होते!

याबद्दल त्याला दोष देण्यापूर्वी तो काळ ध्यानात घ्यावा. त्या पिढीत असे करणारा तो एकटा नव्हता. सुप्रसिद्ध कादंबरीकार बाल्झाक याच्या बापाचे मूळ आडनाव 'बाल्सा' हे शेतकरी घराण्याचे. बापाने ते बदलून 'बाल्झाक' केले आणि पुढे घराण्यात 'द'ही आला. शिंद्यांच्या सैन्यात द ब्वान्यनंतर जो सरसेनापती झाला, तो पेराँ, यानेही आपले नाव बदललेले होते. त्याचे मूळ आडनाव 'क्विये'. परंतु 'पेराँ' हे 'पिएर' या व्यक्तिनामाचे लाडके रूप असून ते फ्रान्समध्ये सर्वत्र आढळते. त्याने दुसऱ्यांचे आडनाव घेतले. म्हणून ते गर्दीत मिसळून गेले. द ब्वान्यने कोणाचेच नसलेले आडनाव घडविले, म्हणून त्याचा माग आजही काढता येतो.

या बाबतीत राज्यक्रांतीने एक मौज केली. २३ ऑगस्ट १७९४ रोजी फ्रेंच प्रजासत्ताकाने कायदा केला की, जन्मपत्रात नोंदलेल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणाही नागरिकाने धारण करू नये. साव्हॉय प्रांत जन्मकाळी सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होता. परंतु १७९२ पासून तो फ्रान्सला जोडला गेला होता. अर्थात कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता, अंतर्वेदीत लक्षावधींच्या जहागिरीचा कारभार पाहणारा शिंद्यांचा हा सेनापती अजून बन्वा लबोर्न्यच होता. महादजी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीस निवर्तले होते. पुढील वर्षाच्या अखेरीस द ब्वान्यने दौलतरावांचा निरोप घेतला आणि अमाप संपत्ती घेऊन तो युरोपास परतला. १८०२ साली तो जन्मगावी स्थायिक झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर साव्हॉय पुन्हा सार्डिनियाच्या राजाकडे गेला आणि त्या राजाने १८१६ मध्ये त्याला काउंट ही पदवी दिली. राजपदवीबरोबर 'द ब्वान्य' हे नाव उच्चारले गेल्यावर त्याच्या अस्सलपणाविषयी शंका घेणार कोण? शांबेरीत त्याने जो दानधर्म केला, त्याने उरलेसुरले तोंडही बंद झाले असावे.

एक तोंड मात्र बंद झाले नाही. ते त्याच्या पत्नीचे. १७९८ साली लंडनमध्ये त्याने आदेल दॉस्माँ या सतरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. राज्यक्रांतीमुळे देशोधडीला लागलेल्या एका जुन्या उमराव घराण्यातील ही मुलगी. वराचे वय सत्तेचाळीस. तिला आईबापांसाठी पैसा हवा होता, त्याला खरेखुरे खानदान हवे होते. संसार टिकला नाही. तिने पुढे ज्या आठवणी लिहिल्या, त्यांत नाव आणि कुळ यांबाबत नवऱ्याने आपली फसवणूक केली असा ठपका ठेवला आहे. गंमत अशी की, ज्या बनावट आडनावाचा तिला एवढा राग, तेच तिने आमरण लावले. १९०७ पासून त्या आठवणी छापून निघाल्या, मार्सेल प्रूस्तसारख्या लेखकाने त्या आवडीने वाचल्या, आणि फ्रेंच साहित्यात 'काउंटेस द ब्वान्य' हे नाव कायमचे रुजले. आज सुशिक्षित फ्रेंच माणूस हे आडनाव ऐकतो तेव्हा त्याला शिंद्यांचा सेनापती क्वचितच आठवतो; आठवते ती ही काउंटेस. पण तिला मूलबाळ झाले नाही. तिच्यावर अवलंबून राहिले असते, तर हे आडनाव १८६६ साली तिच्या मृत्यूबरोबर पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच संपले असते.

आडनावे का मरतात, या प्रश्नाचा गणिती विचार फ्रान्समध्येच प्रथम झाला. १८४५ साली ब्येनेमे नावाच्या गणितज्ञाने कुटुंबांच्या आयुर्मर्यादेवर एक टिपण लिहिले. ब्येनेमे हेही एक विरळ आडनाव; अर्थ 'अतिप्रिय'. पुढे १८७४ मध्ये इंग्लंडात गॉल्टन आणि वॉटसन यांनी स्वतंत्रपणे तोच प्रश्न हाताळला. त्यातील मर्म सोपे आहे. आडनाव केवळ मुलग्यांकडून चालत असेल आणि दर पुरुषामागे सरासरीने एकाहून अधिक मुलगा नसेल, तर कितीही मोठे नाव आज ना उद्या नष्ट व्हायचेच. सरासरी एकाहून अधिक असली तरीसुद्धा धोका टळत नाही. आणि तो सर्वांत मोठा असतो तो पहिल्या एकदोन पिढ्यांत. 'मार्तँ' या नावाचे दहा वंश खुंटले तरी हजारो उरतात. ज्या नावाचा जगात एकच पुरुष आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याचे सारे भवितव्य एका पाळण्यावर लोंबकळत असते.

'द ब्वान्य' या नावाचा तो पाळणा हलला हिंदुस्थानात.

लंडनच्या लग्नापूर्वी पुष्कळ आधी, शिंद्यांच्या नोकरीत असताना, द ब्वान्यने नूर बेगम नावाच्या एका मुसलमान स्त्रीशी संसार थाटला होता. तिची बहीण फैझ बक्ष ही विल्यम पामर या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी. हाच पामर पुढे १७९८ पासून १८०१ पर्यंत पेशव्यांच्या दरबारी पुण्यास रेसिडेंट होता. नूरला दोन मुले झाली. मुलगी बानू आणि मुलगा अली बक्ष. नूर मुलांसह त्याच्याबरोबर इंग्लंडास गेली. तेथे बानूची 'अ‍ॅन' झाली आणि अली बक्षचा 'चार्ल्स अलेक्झांडर'. नूर 'हेलेना बेनेट' झाली. द ब्वान्यच्या आईचे नाव एलेन होते. आणि 'बेनेट' हे तर 'बन्वा' याचेच इंग्रजी रूप आहे, कारण दोन्ही शब्द 'धन्य' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत. म्हणजे तिला त्याचे आडनाव मिळाले नाही. मिळाले ते त्याच्या पहिल्या नावाचे भाषांतर. आडनाव घेऊन वर्षभराच्या आत आदेल आली.

बानू तरुणपणीच वारली. राहिला अली बक्ष, आता शार्ल-अलेक्झांद्र. बाप त्याला शांबेरीत घेऊन आला, १८१६ साली साव्हॉयमधील एका प्रतिष्ठित घराण्यातील मुलीशी त्याचे लग्न लावून दिले, आणि १८३० मध्ये बाप वारल्यावर काउंट द ब्वान्य ही पदवी त्याच्याकडे आली. त्या दांपत्याला दहाहून अधिक मुले झाली. गणितज्ञांनी दाखविलेला पहिल्या पिढ्यांचा घाट या एकाच घराने ओलांडून दिला.

यामुळे या आडनावाच्या प्रसाराचा नकाशा अगदी लहान आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १८९१ पासूनच्या जन्मांवरून आडनावांची जी सूची केली, तिच्या माथ्यावर मार्तँ आहेत. 'द ब्वान्य'सारखी नावे तिच्या पार तळाशी, जेथे एकेक आडनाव म्हणजे एकेक कुटुंबच असते. २००५ पासून फ्रान्समध्ये मुलाला आईचेही आडनाव लावता येते. २०२२ पासून प्रौढ माणसाला साध्या निवेदनाने आईचे आडनाव स्वीकारता येते. मरू घातलेल्या नावांना त्यामुळे थोडा आधार मिळाला आहे. १७९८ साली अशी सोय असती, तर नूरच्या मुलाने काय लावले असते, कोण जाणे.

या घराण्यात सेनापतीपासून चालत आलेले 'द ब्वान्य' हे आडनाव जो कोणी लावतो, तो नूर बेगमचा वंशज असतो. ती स्वतः शांबेरीला राहावयास गेली नाही. द ब्वान्यने बांधून दिलेल्या तनख्यावर ससेक्स परगण्यातील हॉर्शमजवळ तिने उरलेले आयुष्य काढले. १८५३ मध्ये ती वारली तेव्हा तिला तेथील सेंट मेरी चर्चच्या आवारात पुरण्यात आले. नाव हेलेना बेनेट.