हिशेबखात्यातला बंडवाला

वासुदेव बळवंत फडके हे नाव शाळेच्या पुस्तकात चार-दोन ओळींत येतं आणि पुढं सरकतं. ‘आद्य क्रांतिकारक’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि भरघोस दाढी उभी राहते. पण हा गृहस्थ होता पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातला कारकून! एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे त्याच्या बंडाची गोष्ट नीट उलगडेल.

जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातवाच्या वाट्याला आली लेखणी. गावी आई अत्यवस्थ असताना साहेबानं वेळेवर रजा दिली नाही आणि वासुदेव पोचले तेव्हा सारं आटोपलेलं होतं. पुष्कळजण बंडाचं मूळ या रजेच्या अर्जात शोधतात. मला ते अपुरं वाटतं. रजा नाकारलेले कारकून काय थोडे होते?

त्याच काळात न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं पुण्यात गाजत होती. या देशाचा पैसा बाहेर कसा जातो, हे ते आकड्यांनिशी सांगत. हिशेब ज्याचा रोजचा धंदा, त्याला ते आकडे झोंबले नसते तरच नवल. १८७४ साली वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात शाळा काढली, हेही शिक्षकबंधूंनी विसरू नये. पुढं १८७६-७७ चा दुष्काळ आला. गावोगाव हिंडून त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. माणसं अन्नावाचून मरत होती आणि सारावसुली चालूच होती.

मग लढायचं ठरलं. दांडपट्टा, नेमबाजी ते लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शिकलेलेच होते. पण फौज कुठली आणायची? सुशिक्षितांपैकी फारच थोडे पुढं आले. सभेत टाळी वाजवायला हात मोकळे असतात, बंदूक धरायला नसतात! तेव्हा फडके रामोशांच्या वस्तीवर गेले. रामोशी म्हणजे गडकोटांचे राखणदार. पेशवाई बुडाली तशी त्यांची राखणदारी गेली. त्यांच्यातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी १८३२ साली फाशी दिलं होतं. ती आठवण अजून जिवंत होती. दौलतराव नाईकांसारखा मर्द साथीला आला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला मोठा दरोडा पडला. फडक्यांच्या लेखी ते फौज उभी करायचं भांडवल होतं.

इथंच सारं अडलं. पैसा हाती आला की साथीदार वाटणी मागत. याबद्दलची कडवट निराशा फडक्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. होय, हा बंडवाला रोजनिशी लिहीत असे. कारकुनाची सवय सुटते थोडीच! पण रामोशांना तरी दोष कसा द्यावा? ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही, त्यानं स्वराज्य येईतो वाटणीला थांबावं, हे आपण भरल्या पोटी म्हणतो.

सरकारला त्यांनी जाहीरनामा धाडला. रयतेला काम द्या, करांचा बोजा उतरवा, बड्या गोऱ्या अंमलदारांचे पगार कमी करा. पाहा, बंडातसुद्धा जमाखर्चच! सरकारनं त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम लावलं, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर टेंपलच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं.

मे महिन्यात दौलतरावांनी कोकणात पळस्पे-चिखलीला छापे घातले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि ते लढता लढता पडले. मोठा आधार तुटला. फडके निजामाच्या मुलखात गेले, रोहिल्यांची नवी फौज जमवू लागले. पण डॅनियल पाठीवर होताच. २० जुलैच्या रात्री विजापूरकडच्या देवरनावडगी गावी, तापानं फणफणून निजलेले असताना, ते पकडले गेले.

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बचावाला उभे राहिले. पण सरकारपक्षानं पुरावा म्हणून पुढं केली ती फडक्यांच्याच हातची रोजनिशी. जन्मठेप होऊन १८८० च्या जानेवारीत त्यांना बोटीनं एडनला नेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि बाहेर पळ काढला. चहूकडे वाळवंट, ओळखीचं माणूस नाही, भाषा परकी. थोड्याच वेळात ते पुन्हा धरले गेले. पुढं क्षयानं शरीर पोखरलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्याच तुरुंगात ते वारले. वय अवघं सदतीस.