काढ्याच्या घरी चहा

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील मंद्रूप गावात, जेथे बाजाराच्या बोलण्यात मराठी आणि कानडी यांची एकत्र वहिवाट आहे, चहाचे झुडूप मूळ धरील असा संभव नाही. त्याला आम्लधर्मी माती आणि भरपूर पर्जन्य हवे, आणि सीना-भीमेच्या दुआबातील काळी जमीन ही दोन्ही देण्यास असमर्थ आहे. गवती चहाचा ठोंब मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर निर्वेध वाढतो. चहा या वनस्पतीशी त्याचा कसलाही रक्तसंबंध नाही. तृणकुळातील असल्यामुळे त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे याच शिवारातील ज्वारी आणि ऊस.

खरा चहा, मग तो हिरवा असो, काळा असो वा या दोहोंमधला ऊलाँग, कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडुपाच्या कोवळ्या पानांचा. पान खुडल्यावर लगेच उष्णता दिली तर ते हिरवे राहते. सुकवून, चुरगाळून हवेवर ठेवले तर त्यातील रसांचा वायूशी संयोग होऊन ते काळवंडते. त्यात कॅफीन असते, आणि चहाची तलफ म्हणून जी म्हणतात ती मुख्यतः त्याचीच. तुळस, आले, अडुळसा, गवती चहा यांत ते मुळीच नाही. म्हणूनच की काय, चार वाजता काढ्यावाचून कोणाचे डोके दुखल्याचे ऐकिवात नाही.

काढ्याचे घराणे मात्र कितीतरी जुने. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटविण्यास सांगितले आहे, तर फांटासाठी उकळते पाणी चूर्णावर ओतून गाळून घेण्यास. या भेदामागे व्यवहारज्ञान आहे: मुळ्या आणि साली कढविल्यावाचून आपले सत्त्व सोडत नाहीत, आणि सुगंधी पाने फार कढविली तर त्यांचा गंध वाफेबरोबर निघून जातो. या न्यायाने किटलीतला विलायती चहा हा फांट ठरतो आणि आपला पातेल्यातला चहा क्वाथाच्या पंक्तीस बसतो.

पश्चिम किनाऱ्यावर चहा आला तोही औषधाच्याच वाटेने. 1689 साली सुरतेस आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री लिहितो की, तेथील लोक चहात गरम मसाले घालीत, आणि तो डोकेदुखीवर व पोटाच्या कळांवर गुणकारी मानीत. पुढे आसामचे मळे उभे राहिले, 1839 साली तेथील चहाचा पहिला लिलाव लंडनास झाला, आणि 1903 च्या कायद्याने निर्यातीवर बसविलेल्या उपकरातून चहाच्या प्रसाराची मोहीम चालली. तरीही खेड्यातल्या चुलीवर त्याचा खरा अंमल बसविला तो 1930 च्या सुमारास आसामात निघालेल्या, पान चिरडून त्याची बारीक भुकटी करणाऱ्या यंत्राने. त्या भुकटीचा रंग दुधातही चटकन उतरतो आणि थोडक्यात पुष्कळ कप होतात.

अशा रीतीने काढ्याच्या पातेल्यात चहाने प्रवेश केला. आले आणि गवती चहाची पात तेथे आधीपासूनच होती, ती तशीच राहिली. चहाचे दर्दी या मिश्रणास नाके मुरडतात, पण सुरतेच्या त्या मसालेदार पेल्याकडे पाहता मंद्रूपच्या टपरीवरील ही रीत त्यांच्या पाककृतींहून जुन्या परंपरेतली दिसते. नाक मुरडावयाचेच, तर ते तुळशीचा चहा म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या आकर्षक पुड्यांकडे पाहून मुरडावे. कारण त्यांतील कित्येकांत तुळशीबरोबर चहाची भुकटीही असते, आणि झोप उडते म्हणून चहा सोडलेला गृहस्थ ती पुडी रात्री निःशंकपणे पाण्यात बुडवितो.