बोरघाटाची जुनी वाट

शरदृतु लागला म्हणजे घर सोडून बाहेर पडावें, ही ओढ मनुष्याच्या ठिकाणीं फार जुनी आहे, आणि आमच्या देशांत तर तिला इतिहासाचें पाठबळ आहे. पावसाळ्याचे चार महिने नद्यांना उतार नसे, काळ्या जमिनींत तोफेचें चाक रुतून बसे, आणि शिलेदार आपल्या शेतांत गुंतलेला असे. दसऱ्याच्या सुमारास नद्या ओसरत, वाटा वाळत, माळावर जनावरांना चारा मिळे. मग सीमोल्लंघन होऊन फौजा मुलुखगिरीस निघत. कालिदासानें ‘रघुवंशा’त रघूच्या दिग्विजयाचा आरंभ शरदांतच केला आहे, तो केवळ कविसंकेत नव्हे, त्यामागें चिखलाचा आणि पाण्याचा रोकडा हिशेब आहे. आम्हां शिक्षकांची मुलुखगिरी आतां दिवाळीच्या सुटीपुरती उरली आहे. यंदाच्या सुटींत ती आम्हीं पुण्याहून बोरघाटानें खोपोलीपर्यंत केली, आणि तीहि मोटारसायकलीवरून. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें या वाहनावर बसावें कीं नाहीं, याविषयीं आमच्या घरांत मतभेद आहे. त्यांत वाचकांस ओढण्याचें कारण नाहीं.

आमचे एक जुने विद्यार्थी आपली गाडी घेऊन सोबत होते. निघतांनाच ते म्हणाले, “सर, द्रुतगति मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. आपल्याला जुन्याच रस्त्यानें जावें लागेल.” त्यांच्या मतें ही अडचण होती; आम्हांस ती पर्वणी वाटली. इ.स. २००२ मध्यें पूर्णपणें खुला झालेला तो सुमारें ९५ किलोमीटरांचा नवा मार्ग डोंगर फोडून सरळ जातो. गांवांशीं त्याचें कांहीं देणेंघेणें नाहीं. जुना रस्ता मात्र वडगांव, कामशेत, कार्ले, लोणावळें, खंडाळा अशीं गांवें विचारीत विचारीत जातो. मोटारसायकलवाल्यास नव्या मार्गानें नाकारलें म्हणूनच त्याच्या वांट्यास अजून इतिहास येतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाची चाकोरीची सडक खुली केली ती १० नोव्हेंबर १८३० रोजीं. पुढें बरोबर पंचावन्न वर्षांनीं, १० नोव्हेंबर १८८५ रोजीं, जर्मनींत कानश्टाट येथून उंटरट्युर्कहाइमपर्यंत गॉटलीब डाइमलर यांचा सोळा वर्षांचा मुलगा पाउल हा लांकडी सांगाड्याच्या एका विचित्र दुचाकीवर बसून गेला. तिला पेट्रोलवर चालणारें अर्ध्या अश्वशक्तीचें यंत्र होतें, आणि तोल जाऊं नये म्हणून बाजूंस दोन लहान चाकें जोडलेलीं होतीं. मोटारसायकलींची वंशावळ याच गाडीपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. तारखांच्या जुळणींत कार्यकारणभाव शोधणें हें ज्योतिषाचें काम. परंतु वाट आणि वाहन दोन्ही शरदांतच जन्मास आलीं, हें आम्हांस गोड वाटलें.

घाटाच्या इतिहासांत वाहनाचा प्रश्न किती निर्णायक असतो, हें समजून घ्यावयाचें असेल तर वडगांवीं थांबावें. इ.स. १७७८ च्या नोव्हेंबरांत राघोबादादांस गादीवर बसविण्याच्या निमित्तानें मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलीस उतरली. लढणारें सैन्य चार हजारांच्या आंत. पण तोफा, दारूगोळा आणि रसद ओढण्यास एकोणीस हजारांवर बैल! सेनापति एगर्टन आजारी, त्यांच्या जोडीस कार्नॅक यांच्यासारखा मुलकी अधिकारी, आणि समोर सह्याद्रि. घाट चढून सारें सैन्य खंडाळ्यास जमेपर्यंत डिसेंबर संपत आला. तेथून कार्ल्यापर्यंतचे थोडे मैल तोडावयास त्यांस दहाबारा दिवस लागले. आम्हांस तेंच अंतर वाटेंत चहा घेऊनसुद्धां अर्ध्या तासाहून अधिक लागलें नाहीं.

हा विलंब केवळ सेनापतीच्या ढिलाईचा, असें इंग्रज इतिहासकार लिहीत आले. आम्हीहि वर्गांत बहुधा तेंच सांगतों. परंतु मोटारसायकलीवर चढण मनगटांत जाणवते. आगगाडींत बसणाऱ्यास ती कळत नाहीं आणि मोटारींतल्यास ती अर्धीच कळते. दुचाकीवर मात्र यंत्राचा आवाज जड होतो, गिअर उतरवावा लागतो, आणि वळणावर अंगाचा भार कोणीकडे द्यावा हें अंगासच ठरवावें लागतें. अशा चढणीवर, सडक नसतां, बैलांच्या मानेवर तोफा चढवावयाच्या म्हणजे काय, याची कल्पना पुस्तकांतून येत नाहीं. सह्याद्रीनें त्या फौजेचा एक महिना खाल्ला. तेवढ्या अवधींत महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनीं आपली सिद्धता पुरी केली, वाटेवरचा मुलूख उजाड करविला आणि शत्रूस पुढें येऊं दिलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या धाडसावर खूष होऊन मराठ्यांनींच त्याला ‘इष्टूर फांकडा’ हें नांव दिलें होतें. शत्रूच्या शौर्यास नांव देऊन तें पिढ्यान्‌पिढ्या जपावें, हा मनाचा मोठेपणा आमच्या पूर्वजांत होता, हें नमूद करण्यासारखें आहे. ९ तारखेस फौज तळेगांवीं आली, तो गांव ओस. पुढें पुणें अठरा मैलांवर, मागें घाट. रातोरात माघार घेतांना जड तोफा तळ्यांत लोटून द्याव्या लागल्या, वडगांवीं फौज कोंडली गेली, आणि १६ जानेवारीस इंग्रजांनीं तहावर सही केली. आज तेथें महादजींचें स्मारक आहे. हमरस्त्यावरील वाहनें त्याच्यापुढून न थांबतां जातात.

दोन वर्षांनीं जनरल गॉडर्ड यांनीं पुन्हां घाट चढून पाहिला. १७८१ च्या फेब्रुवारींत माथा हातीं आला, पण एप्रिलांत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं त्यांस पनवेलीपर्यंत झोडपीत नेलें. माल्कमसाहेब पुढें आपल्या सडकेविषयीं अभिमानानें लिहितात कीं, कोंकण आणि देश यांच्यामधली भिंत या कामानें पडली. खरेंच आहे, पण ती भिंत उभी असणें कोणाच्या हिताचें होतें, हें त्यांनीं लिहिलें नाहीं. मुंबईच्या तोफांना सोयीची सडक बांधून द्यावी असें पुणें दरबारास कधींहि वाटण्याचें कारण नव्हतें. भिंत पडावयास आधीं १८१८ साल उजाडावें लागलें.

तथापि भिंत म्हणजे कांहीं आडवा बंद दरवाजा नव्हे. बैलतांड्यांची ये-जा चालूच होती, आणि ती किती प्राचीन, याचा लेख कार्ल्यास दगडावर आहे. तेथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब. लांकडी फासळ्या अजून छताशीं आहेत. सुटीच्या गर्दींत एकवीरेच्या दर्शनास आलेल्या रांगेंतून वाट काढीत आम्ही आंत गेलों. हें लेणें पुरें करविणारा भूतपाल नांवाचा शेटी होता, आणि तो वैजयंतीचा, म्हणजे दूर कर्नाटकांतील बनवासीचा. खांब देणाऱ्यांत धेनुकाकट नांवाच्या गांवचे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांत स्वतःस यवन म्हणविणारेहि कित्येक. एक दाता गंधी, म्हणजे अत्तरें विकणारा, सिंहदत्त. आणि द्वार घडविणारा स्वामी नांवाचा सुतार. त्याच्या बापाचेंहि नांव लेखांत आहे. समुद्रावरून आलेला माल याच बाजूनें चढून देशावर जात असला पाहिजे. नाहींतर इतक्या प्रकारच्या लोकांनीं या एकाच डोंगरावर पैसा कां ओतावा?

सुतार स्वामीपाशीं आम्ही जरा अधिक रेंगाळलों, आणि त्याचें कारण घाटांत उतरूं लागल्यावर अधिक स्पष्ट झालें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या कामावर एका सुताराचें नांव राहिलें. दोनशें वर्षांपूर्वींच्या सडकेवर कोणाचें राहिलें? गव्हर्नर माल्कम यांचें आणि काम पाहणारे कॅप्टन ह्यूज यांचें. सुरुंग लावणारा, दगड फोडणारा, पाटी वाहणारी स्त्री यांपैकीं एकाचेंहि नाहीं.

आगगाडीची गोष्ट अधिक विलक्षण आहे. कर्जतेहून लोणावळ्यापर्यंतची चढण १८६३ सालीं खुली झाली: सुमारें पावणेसोळा मैल लांबी, १,८३१ फूट उंची, पंचवीस बोगदे आणि कांहीं ठिकाणीं सदतिसांत एक असा चढ. योजना जेम्स बर्कली यांची. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं मक्ता सोडून न देतां आपल्या देखरेखीखालीं काम तडीस नेलें. या बाईंविषयीं आपल्या पाठ्यपुस्तकांत एखादी ओळ असती तर बरें होतें. पण त्यांचें निदान नांव तरी आहे. १८६१ च्या सुमारास या कामावर एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी आणि ताप यांनीं त्यांतले अनेक हजार मेले. तो आंकडा कोणीं नीट मोजला नाहीं, हाच त्यांच्या मोलाचा आंकडा. बोगद्यांस क्रमांक मिळाले; माणसांस तेवढेंहि नाहीं.

खंडाळा सोडल्यावर कांहीं अंतर जुना रस्ता आणि द्रुतगति मार्ग एकत्र होतात, आणि मालमोटारींच्या मधून दुचाकी संभाळीत उतरावें लागतें. अमृतांजन पूल म्हणून तीन पिढ्या ज्याला ओळखीत, तो जुना दगडी पूल येथेंच होता. १९२० च्या नव्हे, २०२० च्या एप्रिलांत, टाळेबंदीमुळें रस्ता मोकळा सांपडला तेव्हां, तो पाडण्यांत आला. औषधाच्या जाहिरातीवरून पुलास नांव पडावें आणि बांधणारा विसरला जावा, हेंहि आमच्या मुद्द्यास धरूनच आहे. पुढें खोपोलीचा फांटा फुटतो. तेथून वळणावळणानें उतरतांना यंत्राच्याच जोरानें वेग आवरावा लागतो. ब्रेकवर विसंबून चालत नाहीं.

याच उतारावर शिंगरोबाचें देऊळ आहे. शिंगरोबा धनगर होता. इंग्रज अधिकाऱ्यांस घाटांतून वाट सांपडेना, तेव्हां त्यानें आपल्या गुरांच्या पावलावरून ती दाखविली, आणि बक्षीस काय पाहिजे असें विचारतां ‘आमचें राज्य परत द्या’ म्हणाला, म्हणून त्यास गोळी घातली, अशी कथा आहे. येणारे-जाणारे मालमोटारवाले वेग कमी करून देवळापुढें नाणें टाकतात. आमच्या विद्यार्थ्यांनींहि टाकलें, आणि मग आमच्याकडे वळून विचारलें, “सर, हें खरें कीं खोटें?”

इतिहासाच्या अध्यापकास हा प्रश्न टाळतां येत नाहीं. आमचें मत येथें देतों. गोळीच्या प्रसंगास कागदाचा आधार नाहीं. कथा कोणी सडकेची म्हणून सांगतात, कोणी आगगाडीची म्हणून. तेवढ्यावरूनच ती पुढें रचली गेली असावी, असा संशय येतो. शिवाय केरळांत वायनाडच्या थामरस्सेरी घाटावर करिंतंडन या आदिवासी नायकाविषयीं हुबेहूब अशीच कथा सांगतात: वाट दाखविली आणि मारला गेला. दोन दूरच्या डोंगरांवर एकच कथा उगवते, तेव्हां ती घटनेची नोंद म्हणून स्वीकारणें धोक्याचें. पण म्हणून ती टाकून द्यावी काय? सडकेसाठीं मोजणी करणाऱ्यास डोंगराची माहिती डोंगरांत गुरें चारणाऱ्यांकडूनच मिळाली असणार, हें अनुमान कोणीहि करील; आणि त्या माहितीचें मोल कोणीं चुकविल्याचें कोठेंहि दिसत नाहीं. कागदानें ज्यांस वगळलें, त्यांच्या बाजूनें लोकांनीं एक माणूस उभा केला, त्यास नांव दिलें आणि देऊळ बांधलें. कार्ल्याच्या लेखांत जागा मिळालेला स्वामी सुतार आणि लेख नसलेला शिंगरोबा यांपैकीं पहिल्यास आम्ही पुरावा म्हणतों, दुसऱ्यास तक्रार म्हणतों. तक्रारीलाहि दप्तरांत जागा असते.

विद्यार्थ्यांस हें उत्तर फारसें पटलेलें दिसलें नाहीं. “म्हणजे आपण नाणें टाकणार कीं नाहीं?” त्यांनीं विचारलें. आम्हीं टाकलें.

खालीं खोपोलीस नाना फडणीस यांनीं बांधविलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आहे. ज्या मुत्सद्द्यानें १७७९ त या घाटाचा उपयोग भिंतीसारखा करून घेतला, त्यानेंच घाट चढूंउतरूं इच्छिणाऱ्या पांथस्थांच्या पाण्याची सोय येथें करून ठेवली. गांवांतच टाटांचें वीजगृह आहे. लोणावळ्याच्या तळ्यांत साठविलेलें पावसाचें पाणी त्याच कड्यावरून नळांतून खालीं सोडून १९१५ पासून त्याची वीज मुंबईस नेली. आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर बसून डबा सोडला. पाणी स्थिर होतें, वर घाटाचा माथा स्वच्छ दिसत होता, आणि दुपार कलण्यापूर्वीं पुन्हां चढावयाचें होतें.