बाकावरची आई खोलीत आली तेव्हा

१/ विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत हट्टी, आक्रस्ताळ्या मुलावरील उपचाराची रूढ रीत अशी होती: मूल तज्ज्ञासोबत खोलीत आणि आई बाहेर बाकावर. दोषाचा ठपका मात्र बहुधा तिच्याच माथी बसे.

२/ १९६०च्या दशकात अमेरिकेतील पोर्टलंड येथे मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी ही मांडणी उलटी केली. आई व मूल खोलीत, हॅन्फ एकतर्फी काचेमागे. आईच्या कानातील छोट्या यंत्रातून त्या तिला तत्क्षणी मार्गदर्शन करीत.

३/ टप्पे दोन. प्रथम मुलाच्या कलाने खेळणे, चांगल्या वर्तनाची दखल घेणे, किरकोळ कुरापतींकडे दुर्लक्ष करणे. त्यानंतरच स्पष्ट आज्ञा आणि ती मोडल्यास मुलाला थोडा वेळ बाजूला बसवणे. आधी जिव्हाळा, मग शिस्त.

४/ ऑरेगन राज्यातच जेराल्ड पॅटरसन घरोघरच्या कलहाचे निरीक्षण करीत होते. मूल आकांत मांडते, पालक नमतात, आकांत थांबतो. आकांताने हवे ते मिळते, हे मूल शिकते. नमल्याने शांतता मिळते, हे पालक शिकतात. दोघेही नकळत एकमेकांना घडवतात.

५/ हॅन्फ यांनी फारसे प्रकाशित केले नाही. १९६९ चा एक परिषद-निबंध तेवढा सतत उद्धृत होतो. तरीही शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड, कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांच्या उपक्रमांतून ती द्विस्तरीय रचना अनेक देशांत पोहोचली.

६/ पालकत्व हे शिकता येण्याजोगे कौशल्य ठरले आणि आरोपी मानली गेलेली आई उपचारातील सहकारी झाली.