रांगेंतील मोटार

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा हमरस्ता मनोर सोडल्यावर मेंढवणची खिंड चढतो, सूर्या नदी ओलांडून चारोटीस येतो आणि पुढें तलासरी मागें टाकून आच्छाडपाशीं गुजराथेंत शिरतो. चारोटीहून एक फांटा पश्चिमेस डहाणूकडे, चिकूच्या वाड्यांकडे व समुद्राकडे वळतो. या हमरस्त्यावर आज घटकाभर उभें राहिलें तर जपानी, कोरियन, जर्मन व देशी अशा नाना घराण्यांच्या मोटारी डोळ्यांपुढून जातात. पन्नास वर्षांपूर्वीं असें नव्हतें. मुंबईच्या बाजूनें खाजगी मोटार येतांना दिसली कीं ती फियाट असावी असा अंदाज करावा आणि तो बहुधा खरा ठरावा, अशी त्या काळची स्थिति होती. कलकत्त्याकडची अँबॅसडर मधून मधून दिसे. परंतु या किनाऱ्यावर राज्य फियाटचें. ही गाडी परदेशांतून येत नसे, कुर्ल्यास तयार होई. तो कारखाना आज नाहीं, ती गाडी नाहीं, आणि ती काढणाऱ्या कंपनीचीहि वाताहत झाली. हें कसें घडलें याची हकीकत जितकी त्या कंपनीची आहे, तितकीच गिऱ्हाइकास वर्षानुवर्षें रांगेंत उभ्या करणाऱ्या एका काळाची आहे.

कारखान्याचे जनक शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. आगबोटी, विमानें व मोटारी या तीन वस्तु हिंदुस्थानांत तयार झाल्याच पाहिजेत, असा त्यांनीं ध्यास घेतला होता. मोटारींच्या कारखान्याची कल्पना त्यांच्याहि आधीं सर विश्वेश्वरय्या यांनीं मांडली होती, आणि बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें मुंबई इलाख्यांत असा कारखाना निघावा म्हणून साह्य करण्याचें मनावर घेतलें होतें. १९३९ च्या नोव्हेंबरांत तें मंत्रिमंडळ अधिकारावरून दूर झालें, आणि युद्धांत गुंतलेल्या इंग्रज सरकारास या कामीं आस्था नव्हती. वालचंदांनीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार करून ठेवला होता. तरीहि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी प्रत्यक्ष निघावयास १९४४ साल उजाडलें आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडावयास १९४७. बंगलोरचा विमानांचा कारखाना व विशाखापट्टणची गोदी हीं त्यांचीं दोन कामें पुढें सरकारच्या ताब्यांत गेलीं. मोटारींचें तेवढें घराण्याकडे राहिलें.

नेमक्या त्याच सुमारास, मुंबईपासून अवघ्या ऐंशी-नव्वद मैलांवर काय चाललें होतें हें पाहिलें म्हणजे या धाडसाचें मोल व मर्यादा दोन्ही कळतात. डहाणू व उंबरगांव तालुक्यांत वारली शेतकरी जमीनदारांच्या शेतांवर वेठीनें राबत होते. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळच्या झरी गांवीं त्यांची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं वेठीस नकार दिला. कुर्ल्यास मोटारींचा कारखाना उभा राहत असतांना या रस्त्याच्या दोहों अंगांस माणसें आपल्या श्रमाची मजुरी मिळावी एवढ्यासाठीं झगडत होतीं. मोटार घेऊं शकणारीं घरें देशांत मूठभर, हें गणित वालचंदांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. कारखाना आधीं उभा राहील, गिऱ्हाईक मागाहून वाढेल, अशी त्यांची दृष्टि होती. १९५३ सालीं ते वारले. गिऱ्हाईक वाढलेलें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

त्याच वर्षीं सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांना मोटारीचे भाग क्रमाक्रमानें येथेंच बनवावयाचे असतील त्यांनींच या धंद्यांत राहावें, परदेशचे सुटे भाग नुसते जोडणाऱ्यांनीं राहूं नये. शिवडीस १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ सालीं निघून गेली. फोर्डनेंहि गाशा गुंडाळला. प्रीमियरनें दोन-तीन वर्षें आधींच इटलींतील तुरीन शहरच्या फियाट कंपनीशीं करार केला होता. पहिल्यानें चिमुकली फियाट ५०० आली, आणि १९५४ पासून फियाट ११००. या गाडीचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूनें उघडत आणि तिचा बांधा असा गोलमटोल होता कीं मुंबईकरांनीं तिचें नांव 'डुक्कर फियाट' ठेवून दिलें. नांव हेटाळणीचें, पण घेणारा तें लाडानें घेई. पुढें १९६४ च्या सुमारास सरळ रेषांची, नीटस अशी नवी ११०० आली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं जुन्या लांबरुंद अमेरिकन गाड्या टाकून तीच धरली आणि काळा-पिवळा रंग तिला कायमचा चिकटला.

गाडी खरोखरच चांगली होती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १०८९ घनसेंटीमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं, त्यामुळें पुढच्या लांब बाकावर दाटीवाटीनें तिघे बसत. यंत्र इतकें साधें कीं हमरस्त्यावरच्या कोणत्याहि गांवचा मिस्त्री बॉनेट उघडून, कार्बोरेटर फुंकून, प्लग घासून तिला पुन्हा चालती करी. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यांत इराणी व पारशी बागाइतदारांची जुनी वस्ती आहे, आणि मोटार म्हणजे घरचें माणूस अशी या मंडळींची ख्याति. मुंबईच्या वर्तमानपत्रांतील जुन्या मोटारींच्या जाहिरातींत 'पारशी मालकाची' एवढे शब्द असले कीं किंमत चढे. तलासरीपलीकडे उदवाड्यास पारशांचें इराणशाह हें पवित्र अग्निस्थान आहे. १९५८ सालीं एखादें मुंबईचें कुटुंब फियाटमधून तिकडे निघे तेव्हां वाटेंत राज्याची सीमा लागत नसे. १ मे १९६० रोजीं उंबरगांव तालुका दुभंगला, बराचसा भाग गुजराथेंत गेला, तलासरीकडचा महाराष्ट्रांत राहिला. रस्ता तोच, गाडी तीच, मधें सीमा आली.

मग अशा गाडीचें वाईट कां व्हावें? याचें उत्तर तिच्या इंजिनांत नाहीं. सत्तरीच्या दशकांत साऱ्या देशांत मिळून वर्षाला तीस-चाळीस हजारांच्या आसपास मोटारी निघत. किती काढावयाच्या हें कारखानदार ठरवीत नसे, दिल्लीचा परवाना ठरवी. परदेशी चलन मागावें लागे, तें मोजून मापून मिळे. मोटार ही चैनीची वस्तु, तिच्यावर देशाची शक्ति खर्चूं नये, असा सरकारचा विचार होता. आणि वारली वस्तीवर ज्या देशांत पिण्याचें पाणी डोक्यावरून आणावें लागतें, त्या देशांत हा विचार सर्वस्वीं चुकीचा होता असेंहि म्हणतां येत नाहीं. परंतु त्याचा परिणाम विचित्र झाला. गाडीसाठीं नांव नोंदवावें, अनामत भरावी, आणि वर्षांमागून वर्षें वाट पाहावी. मुलाच्या मुंजीच्या वेळीं नोंदविलेली गाडी त्याच्या कॉलेजच्या दिवसांत दारीं यावी, असें लोक थट्टेनें म्हणत. गाडी हातीं आली आणि तशीच विकली, तर दिल्या किंमतीहून अधिक पैसे मिळत. जुनी वस्तु नवीहून महाग हा बाजाराचा नियम नव्हे. पण तो येथें नियम होऊन बसला.

कंपनी यांत सुखी होती काय? पुरती नव्हती. १९६९ सालीं सरकारनें मोटारींच्या किंमती कायद्यानें बांधल्या, आणि प्रीमियरनें ती तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. १९७१ सालीं तेथें निकाल लागला. बांधलेल्या किंमतींत नवीं यंत्रें घ्यावयास, नवी गाडी आंखावयास पैसा कोठून उरावा, हें कंपनीचें म्हणणें खोटें नव्हतें. तथापि त्यास दुसरी बाजू आहे. ज्याच्या दारीं गिऱ्हाईक अनामत घेऊन उभें आहे, त्याला रात्रीं झोप मोडून उद्यांच्या गाडीचा विचार करण्याचें कारण उरत नाहीं. दार नीट बसत नाहीं, रंग लवकर जातो, या तक्रारी गिऱ्हाईक करी आणि तरीहि गाडी घेई. कारण ती नाकारली तर मागचा मनुष्य हात पुढें करून उभाच होता. पैसा नव्हता हें खरें. पण पैसा असतां तर गरज भासली असती, असें मात्र छातीठोकपणें सांगवत नाहीं.

१९७२ च्या सुमारास फियाटशीं असलेला करार संपला आणि तें नांव काढावें लागलें. गाडी आधीं 'प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नांवानें 'पद्मिनी'. लोकांनीं हें बारसें मानलें नाहीं. ते अखेरपर्यंत फियाटच म्हणत राहिले. नांव बदलल्यानें एक गोष्ट मात्र उघडी पडली. कुर्ल्याच्या कारागिरांनीं गाडीचे जवळजवळ सगळे भाग येथें बनवून दाखविले होते, त्यांच्यासाठीं माल पुरविणारे शेंकडों लहान कारखाने मुंबई-पुण्याकडे उभे राहिले होते, आणि ही कमाई थोडी नव्हे. पण गाडी आंखण्याची विद्या कंपनीनें हस्तगत केलेली नव्हती. इटलींत ही ११०० गाडी १९६६ सालींच बंद पडली होती. शिकविणारा निघून गेला, आणि शिष्याजवळ राहिला तो एकच पाठ. तोच तो पुढें पंचवीस वर्षें गिरवीत बसला.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लीजवळ गुडगांवच्या कारखान्यांत इंदिरा गांधींनीं पहिल्या मारुति ८०० गाडीची किल्ली तिच्या मालकाच्या हातीं दिली. जपानच्या सुझुकी कंपनीची विद्या, सरकारचें भांडवल, आणि किंमत सुमारें पन्नास हजार रुपये. इंजिन पद्मिनीहून लहान, पण गाडी हलकी, सकाळीं एका फिरकीसरशीं सुरू होणारी व थेंबाथेंबाला पैसा वसूल करणारी. तीन-चार वर्षांत निम्म्याहून अधिक बाजार तिनें खाल्ला. प्रीमियरनें १९८५ सालीं '११८ एनई' ही गाडी काढली, तिचा सांगाडा फियाटच्या जुन्या १२४ चा आणि इंजिन निसानचें. चालावयास ती बरी होती. पण साठीच्या दशकांतलें अंग घेऊन ऐंशीच्या दशकांत मिरवणें तिला साधलें नाहीं. पद्मिनीला टॅक्सीवाल्यांनीं तेवढें तारलें. घरची गाडी म्हणून जिला लोक विसरले, ती भाड्याची गाडी म्हणून मुंबईची ओळख होऊन बसली.

येथें शेजारच्याच एका कारखान्याशीं तुलना करण्याजोगी आहे. महिंद्र कंपनी १९४५ सालीं निघाली, आणि १९४७ पासून ती अमेरिकन विलीज जीप जोडूं लागली. तिचीहि विद्या उसनीच, परवान्याचा जाचहि तिला चुकला नव्हता. पण जीप खडीच्या, चिखलाच्या वाटेवर चाले. कासा, तलासरी, जव्हारकडच्या आंतल्या रस्त्यांवर एस.टी. जेथें पोंचत नसे किंवा चुकत असे, तेथें दहा-बारा माणसें, कोंबड्या, भाताचीं पोतीं कोंबून जीपच जाई. फियाटचें गिऱ्हाईक हमरस्त्यावरून सरळ निघून जात होतें. जीपचें गिऱ्हाईक चारोटीच्या फांट्यावर उतरून उभें होतें. पहिल्याला दुसरी गाडी मिळतांच तो गेला. दुसरा संख्येनें वाढत राहिला. महिंद्रची भरभराट एवढ्यानेंच झाली असें नव्हे, तिला ट्रॅक्टरांचाहि मोठा आधार होता. तरी खेड्याकडे वळलेली नजर कंपनीला उपयोगी पडली, हें नाकारतां येणार नाहीं.

१९९३ सालीं मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें, आणि मग जें झालें तें वाचावयास खेद होतो. प्रीमियरनें एकाच वेळीं दोन परदेशी भागीदार गांठले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर कल्याणजवळ, म्हणजे डहाणू-तलासरी ज्या ठाणें जिल्ह्यांत त्या वेळीं होतीं त्याच जिल्ह्यांत, '३०९' गाडीचा कारखाना काढला; आणि फियाटला परत बोलावून कुर्ल्यास 'उनो' काढण्याचें ठरविलें. लोकांचा जुना विश्वास एवढा कीं उनोसाठीं दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या. ही त्या नांवाची शेवटची पुण्याई. पण कामगारांशीं तंटे पेटले, संप झाले, आणि पैसे भरलेल्यांना गाड्या वेळेवर मिळेनात. ज्या रांगेला पूर्वीं लोक निमूट उभे राहत, तीच रांग आतां संतापाची झाली, कारण आतां शेजारीं दुसरें दुकान उघडें होतें. प्यूजोनें दोन-तीन वर्षांतच अंग काढून घेतलें; फियाटनें कुर्ल्याच्या भागीदारींत बहुसंख्य वांटा घेऊन कारभार आपल्याकडे ओढला. २००० च्या सुमारास पद्मिनी निघण्याची बंद झाली. पुढें २००९ सालीं, एका चिनी गाडीवरून घेतलेली 'रिओ' नांवाची गाडी प्रीमियरनें पुणें जिल्ह्यांतून बाजारांत आणली. ती चालली नाहीं. २०२१ सालीं कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेलें. कुर्ला-विद्याविहार भागांत एका रस्त्याला तेवढें 'प्रीमियर' हें नांव उरलें आहे.

टॅक्सी म्हणून मुंबईंत शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत नोंदली गेली. तेथें टॅक्सीला वीस वर्षांचें आयुष्य ठरवून दिलेलें असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती भाड्यानें चालविण्याची मुभा राहिली नाहीं. खाजगी गाडीला ही मर्यादा लागत नाहीं. ज्यांनीं फियाट जपून ठेवली आहे, आणि तिचे कागद व तिची तब्येत दोन्ही नीट आहेत, त्यांची गाडी अजूनहि मेंढवणची खिंड चढून चारोटीस येऊं शकते. सुट्या भागांसाठीं मात्र मालकाला जुन्या बाजारांत हिंडावें लागतें.