मूकपटाची घाई

मूकपटाची नक्कल करा म्हटले की आपल्याकडे एक ठरलेले सोंग उभे राहते. मनुष्य तुरुतुरु चालतो, हात झटके देत हलवतो, डोळे वटारतो, आपटतो, उठतो, पुन्हा धावू लागतो. बाजूला कोणी पेटीवर भरधाव बोटे फिरवीत असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे सोंग हमखास टाळ्या घेते. अमेरिकेत मेल ब्रुक्स या विनोदी दिग्दर्शकाने तर १९७६ साली याच सोंगावर 'सायलेंट मूव्ही' नावाचा पुरा चित्रपट बेतला. त्यात तोंडाने उच्चारलेला शब्द एकच, 'नाही'. आणि तोही मार्सेल मार्सो या मूकाभिनयाच्या आचार्याच्या वाट्याला दिलेला! ही थट्टा मोठी मार्मिक आहे यात शंका नाही. परंतु ज्याची थट्टा करावयाची ती वस्तू मुळात तशी होती काय, हा प्रश्न आम्हांला पडला तो बोईसरला एका संध्याकाळी.

एका स्नेह्याच्या घरी भिंतीवर चादर ताणून परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला होता. २००८ सालचा मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला, भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठविला गेला, आणि २०१० च्या जानेवारीत तो महाराष्ट्रात सर्वत्र प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला, त्याची ही हसतखेळत सांगितलेली हकीकत. याला विडंबन म्हणावे की चरित्रपट, याचा निवाडा पंडितांनी करावा. आम्हांला तो मूकपटाच्याच चालीने चालणारा वाटला. कॅमेरा बराच वेळ एका जागी उभा राहतो आणि माणसे चौकटीत येतात, जातात, गोंधळ घालतात. नंदू माधव यांचे फाळके बोलतात पुष्कळ, पण प्रेक्षकांना हसवतात ते अंगाने.

मंडळी वीसएक होती. तारापूरच्या कारखान्यांत काम करणारे बिहार व ओडिशाकडचे तीन शेजारीही येऊन बसले. त्यांना मराठी बेताचेच येते, पण हशा पिकला की त्यात तेही असत. स्त्रीभूमिका करावयाची म्हणून मिश्या उतरवा असे सांगताच नटमंडळी बिथरतात, कारण बाप हयात असताना मिशी काढणे म्हणजे अशुभ! हे त्या तिघांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. सिनेमात काम करणे त्या काळी कमीपणाचे. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते, की कोणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा. बोईसरात अर्ध्या घरांतून 'फॅक्टरीत गेलेत' हेच उत्तर येते. त्यामुळे इथे जो हशा उठला तो जरा निराळा होता.

आता थोडा इतिहास. फाळके १९१२ साली विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातील स्वयंपाकी अण्णा साळुंके यांना त्यांनी लुगडे नेसविले. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही पात्रे एकट्याने केली. कॉरोनेशनच्या खेळात मुख्य चित्रासोबत नाच, विनोदी नकला आणि पायांवर वस्तू झेलण्याची कसरतही होती. म्हणजे थट्टा आणि पुराण पहिल्या दिवसापासून एकाच तिकिटावर! मग घाई कुठून आली?

हा सगळा यंत्राचा खेळ आहे. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवीत. एका सेकंदात साधारण सोळा चित्रे निघत. फिरविणाऱ्याच्या हाताप्रमाणे कधी कमी, कधी जास्त. बोलपट आला तेव्हा आवाज फितीच्या कडेला उमटवावा लागला, आणि आवाजाला चढउतार खपत नाही, म्हणून वेग सेकंदाला चोवीस चित्रे असा कायम झाला. जुनी फीत नव्या यंत्रावर चढविली की दीडपट वेगाने पळणारच. फितीच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट लांबीचा होता; सेकंदाला सोळा या हिशेबाने तो ३७०० सेकंद, म्हणजे तासाहून किंचित अधिक चालेल. चोवीसच्या वेगाने तोच एक्केचाळीस मिनिटांत संपतो. आणि पुस्तकांतून 'चाळीस मिनिटांचा चित्रपट' असे लिहिलेले आपण वाचतो! वीस मिनिटे हरिश्चंद्राच्या हालांतून कोणी कापली नाहीत, ती नुसती धावून संपली.

येथे एक कबूल केले पाहिजे. अमेरिकेतील कीस्टोनसारख्या कंपन्यांचे विनोदकार मुद्दाम कॅमेरा सावकाश फिरवीत, की पडद्यावर माणसे पळताना दिसावीत. त्यांची घाई खरी, हेतुपुरस्सर. परंतु तारामतीच्या शोकाला तीच चाल लागू करणे हा अन्याय होय.

हा अन्याय दुरुस्त करावा तर मूळ चित्रे तरी हाताशी हवीत. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. पुरे वा तुटके मिळून आज उरलेले तीसच्या आसपास. जुन्या फिती नायट्रेटच्या, चटकन पेट घेणाऱ्या, ओलीने कुजणाऱ्या. बोलपट आल्यावर त्यांना गिऱ्हाईक राहिले नाही, आणि पुष्कळ रिळे तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे मिळेल ते जमविले, म्हणून फाळक्यांचे काही तुकडे तरी वाचले. 'राजा हरिश्चंद्रा'ची जी रिळे आज आहेत तीही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. अस्सल गेले आणि नक्कल उरली, म्हणूनच सोंगाचा साक्षीपुरावा तपासून घ्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना शब्दांवाचून सोंग कसे कळते हे शिकवावयास नको. संबळाच्या ठेक्यावर मुखवटा पुढे येतो आणि चालीवरून देव कोण, राक्षस कोण हे लहान पोरही ओळखते. तो ठेका कोणी दीडपट केला तर? देवही माकडचेष्टा करताना दिसेल.

त्या संध्याकाळी मोकाशींचा चित्रपट संपल्यावर यजमानांच्या मुलाने उरलेल्या रिळांतील तो प्रसिद्ध प्रसंग संगणकावर लावला: राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळत आहेत, राजा येतो. सख्या म्हणजे अर्थात सारे पुरुष, ओली लुगडी सावरीत. हालचाल घाईची, आणि खोलीत हसून हसून पुरेवाट. मग त्या मुलाने वेग तीन-चतुर्थांशावर आणला आणि तेच पुन्हा दाखविले. एकदोघे सवयीने हसले; मग थांबले. पाणी आता पाण्यासारखे सांडत होते. एक गडी ओल्या निऱ्या मुठीत धरून, पाय चुकू नये म्हणून खाली पाहत, जपून पायरी चढत होता. मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "अरे, हा तर नीट नेसलाय." आणि पोराला म्हणाल्या, "पुन्हा लाव."